स्टिअरिंग सरळ करण्याची घाई नको

सरळ रस्त्यावर ट्रक सरळ चालला आहे, पण स्टिअरिंगचा स्पोक एका बाजूला कललेला आहे, ही अलाइनमेंटच्या गॅरेजात रोज ऐकू येणारी तक्रार. कळंबोलीचे ट्रक टर्मिनल असो की निगडीची ट्रान्सपोर्ट नगरी, ड्रायव्हरची मागणी एकच असते: स्टिअरिंग सेंटरला आणून द्या. मागणी वाजवी आहे आणि वरवर पाहता सोपीही. हॉर्नचे बटण काढायचे, नट सोडायचा, पुलर लावून स्टिअरिंग उपटायचे आणि डोळ्यांना सरळ दिसेल असे परत बसवायचे. ड्रायव्हर खूश होतो, गाडी रांगेतून निघते. पण या घाईच्या दुरुस्तीने ट्रकमधले काहीही दुरुस्त झालेले नसते. वाकडे स्टिअरिंग बहुतेक वेळा दुसरीकडच्या बिघाडाची खूण असते. ती खूण पुसली की बिघाड शोधायचा धागाच हातातून जातो. जड वाहनाच्या अलाइनमेंटमध्ये स्टिअरिंग मध्यावर आणण्याचे काम सर्वांत शेवटी यायला हवे, आणि त्याची सुरुवात केबिनमध्ये नव्हे तर मागच्या अ‍ॅक्सलपाशी व्हायला हवी. असे का, हे समजण्यासाठी आधी स्टिअरिंगपासून टायरपर्यंतची साखळी पाहायला हवी.

आपल्याकडच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून स्टिअरिंग बॉक्सही चासीच्या उजव्या बाजूला असतो. स्टिअरिंग फिरले की बॉक्समधला वर्म फिरतो, त्यावरचा बॉल नट सरकतो, नटाच्या दात्यांत अडकलेला सेक्टर शाफ्ट वळतो आणि शाफ्टच्या टोकाला बसवलेला ड्रॉप आर्म मागेपुढे झुलतो. ड्रॉप आर्मची ही हालचाल ड्रॅग लिंक नावाचा लांब दांडा उजव्या चाकाच्या स्टिअरिंग आर्मपर्यंत नेतो. उजवे चाक किंग पिनभोवती वळते आणि पुढच्या बीमला समांतर असलेला टाय रॉड तीच हालचाल डाव्या चाकाला देतो. म्हणजे उजव्या चाकावर स्टिअरिंगची थेट सत्ता चालते, डाव्यावर उजव्यामार्फत. या साखळीत लांबी कमी-जास्त करण्याच्या जागा दोनच. टाय रॉड फिरवला की दोन चाकांचा आपसातला कोन, म्हणजे टो-इन, बदलतो. ड्रॅग लिंक फिरवली की दोन्ही चाके मिळून स्टिअरिंगच्या सापेक्ष वळतात, पण टो-इन तसेच राहते. ही विभागणी ध्यानात ठेवली की स्टिअरिंग मध्यावर आणण्याची योग्य जागा कोणती, हे वेगळे सांगावे लागत नाही. ती जागा ड्रॅग लिंक. मात्र तिला पाना लावण्याची वेळ केव्हा येते, हा खरा प्रश्न आहे.

गाडीची दिशा पुढची चाके ठरवतात असे आपण सहज म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. गाडीला ढकलणारा अ‍ॅक्सल मागे असतो आणि तो ज्या दिशेला तोंड करून बसला आहे त्या दिशेलाच ढकलतो. ती दिशा चासीच्या मध्यरेषेशी जेवढा कोन करते त्याला अलाइनमेंट मशीनच्या प्रिंटवर थ्रस्ट अँगल म्हणतात. समजा, मागच्या कमानपाट्याचा सेंटर बोल्ट तुटला आणि अ‍ॅक्सलची एक बाजू ५ मिलिमीटर पुढे सरकली. दोन बाजूंच्या पाट्यांमधले अंतर साधारण १ मीटर धरले तर अ‍ॅक्सल हजारात पाच, म्हणजे सुमारे ०.३ अंश तिरका झाला. पुढची चाके चासीला धरून सरळ ठेवली तर ट्रक हळूहळू एका बाजूला वळत जाईल. म्हणून ड्रायव्हर नकळत पुढची चाकेही तेवढीच, ०.३ अंश, मागच्या अ‍ॅक्सलच्याच दिशेला वळवून धरतो. आता चारही कोपऱ्यांतली चाके एकाच दिशेला धावतात, फक्त चासी त्या दिशेशी किंचित तिरकी राहते. ५ मीटर व्हीलबेस असेल तर मागचा अ‍ॅक्सल पुढच्यापेक्षा २५ मिलिमीटर बाजूने धावतो, आणि मागून येणाऱ्याच्याही हे लक्षात येत नाही. केबिनमध्ये मात्र ते दिसते. स्टिअरिंगचे गुणोत्तर २० धरले तर चाकांच्या ०.३ अंशासाठी स्टिअरिंग जवळजवळ ६ अंश फिरते, आणि अर्ध्या मीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ही हालचाल २५ मिलिमीटर भरते. मागे पाट्याखाली झालेली ५ मिलिमीटरची हालचाल ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर पाचपट मोठी होऊन येते. ट्रकमध्ये इतके संवेदनशील आणि फुकटचे मोजमाप दुसरे नाही.

आता उपटलेल्या स्टिअरिंगकडे पाहू. मागचा अ‍ॅक्सल सरकलेलाच आहे, तुटलेला सेंटर बोल्ट तुटलेलाच आहे, ढिले यू बोल्ट ढिलेच आहेत, आणि आपण केबिनमध्ये स्पोक सरळ करून बसलो आहोत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय? त्यातही हा उपाय अचूक होऊच शकत नाही. स्टिअरिंग ज्या शाफ्टवर बसते त्याला दाते असतात. समजा ते ३६ असतील, तर एका दात्याने सरकवले की स्टिअरिंग एकदम १० अंश फिरते. ६ अंशांची चूक १० अंशांनी काढायला गेले की ४ अंशांची चूक उलट बाजूला उरते. याउलट ड्रॅग लिंकचा आटा बारीक असतो. दीड मिलिमीटर पिचच्या आट्याचा एक पूर्ण फेरा २०० मिलिमीटर लांबीच्या ड्रॉप आर्मवरून मोजला तर स्टिअरिंगवर साडेआठ अंशांच्या आसपास उतरतो, आणि अर्धा किंवा पाव फेरा देणे फिटरच्या हातात असते. जिथे बारीक सुधारणेची सोय मुद्दाम करून ठेवली आहे ती जागा सोडून, जिथे सोय नाही तिथे पुलर लावण्यात शहाणपण नाही.

याहून मोठे कारण बॉक्सच्या पोटात आहे. बॉल नट आणि सेक्टर यांचे दाते सगळीकडे सारखे घट्ट बसत नाहीत. मधल्या जागी ते मुद्दाम घट्ट ठेवलेले असतात, आणि दोन्ही बाजूंना कट, म्हणजे चाकांचे वळण, वाढत जाईल तशी थोडी मोकळीक येते. हेतू उघड आहे: हायवेवर तासन्‌तास बॉक्स मध्याच्या आसपासच राहतो, तिथे फ्री प्ले नको. हा मध्य बॉक्सचा स्वतःचा असतो. चाके कुठे आहेत किंवा स्पोक कुठे आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. समजा, ड्रॅग लिंकचे एंड बदलताना तिची लांबी १० मिलिमीटरने चुकली. वरच्याच हिशेबाने ट्रक सरळ चालताना स्टिअरिंग जवळजवळ ६० अंश फिरलेले राहील. एवढे वाकडे स्टिअरिंग कोणीच सहन करणार नाही, आणि मग पुलर निघेल. स्पोक सरळ होईल, पण बॉक्स सरळ रस्त्यावरही ६० अंश बाजूला चालत राहील. तिथे दात्यांत मोकळीक असल्याने ट्रक रस्त्यावर भटकू लागतो, ड्रायव्हर प्ले आल्याची तक्रार करतो आणि कोणीतरी बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळतो. मध्यापासून दूर असताना आवळलेला स्क्रू प्रत्यक्ष मध्यावर दाते चिमटीत धरतो. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप परत येईनासे होते, दाते झिजतात, आणि शेवटी चांगला बॉक्स खराब ठरवून उतरवला जातो. एका चुकीच्या जागी केलेल्या दुरुस्तीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, असा हा प्रकार आहे.

मध्य चुकल्याचा दुसरा परिणाम पूर्ण कटाला दिसतो. बहुतेक पॉवर स्टिअरिंग बॉक्समध्ये दोन्ही टोकांना दाब सोडणारे व्हॉल्व्ह असतात. चाक अ‍ॅक्सलवरच्या स्टॉपर बोल्टला टेकण्याच्या जरा आधी ते उघडावेत आणि पंपाचा दाब उतरावा, अशी योजना असते. बॉक्सचा मध्य आणि चाकांचा मध्य जुळत नसेल तर एका बाजूला बॉक्सची चाल आधीच संपते, तिकडे कट कमी बसतो आणि घाटातल्या वळणावर किंवा गोदामाच्या आवारात ट्रकला एकदा मागे यावे लागते. दुसऱ्या बाजूला चाक स्टॉपरला टेकते, पण व्हॉल्व्ह अजून उघडलेला नसतो. पंप पूर्ण दाबाने ढकलत राहतो, तेल तापते, आणि तो सारा जोर ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक आणि बॉल जॉइंट यांवर येतो. म्हणून स्टिअरिंग सेंटरला आहे की नाही हे ठरवण्याआधी बॉक्स सेंटरला आणावा लागतो. ड्रॅग लिंक जोडलेली असताना टोकापासून टोकापर्यंत फेरे मोजून हे साधत नाही, कारण तेव्हा मोजमाप अ‍ॅक्सलच्या स्टॉपरचे होते. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवायची, स्टिअरिंग सावकाश एका टोकाला न्यायचे, तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजायचे आणि त्यांच्या निम्म्यावर थांबायचे. फेरे पाच भरले तर मध्य अडीचवर. बॉक्सवर आणि शाफ्टवर कंपनीने खुणा दिलेल्या असतील तर त्या इथे जुळायला हव्यात. बॉक्स मध्यावर असूनही स्पोक वाकडा असेल, तरच स्टिअरिंग उपटून बसवणे योग्य. आधी कोणीतरी ते चुकीच्या दात्यावर बसवले होते, एवढाच त्याचा अर्थ.

यातून कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी टायरची हवा, हब बेअरिंग, किंग पिन आणि टाय रॉड एंड यांतला प्ले पाहायचा, कारण ढिल्या सांध्यांवर घेतलेले माप खोटे असते. मग मागचा अ‍ॅक्सल. त्यानंतर बॉक्सचा मध्य, मग टो-इन आणि सर्वांत शेवटी ड्रॅग लिंक. टो-इन ड्रॅग लिंकच्या आधी का, याचे उत्तर उजव्या चाकावरच्या थेट सत्तेत आहे. स्टिअरिंग क्लॅम्प करून टाय रॉड फिरवला तर टर्निंग प्लेटवर फक्त डावे चाक हलते. ट्रक रस्त्यावर आला की दोन्ही चाके तो फरक निम्मा-निम्मा वाटून घेतात. १ मीटर व्यासाच्या टायरवर टो-इन ४ मिलिमीटरने बदलले असेल तर ही वाटणी होताना स्टिअरिंग २ अंशांहून थोडे जास्त सरकते, म्हणजे कडेवर साधारण १ सेंटिमीटर. आधी स्टिअरिंग सरळ करून मग टो-इन काढणाऱ्याचे स्टिअरिंग गेटबाहेर पडताच पुन्हा वाकडे होते ते यामुळे. अशीच बारकाई माप घेतानाही लागते. ट्रक मागे घेऊन मशीनवर उभा केला तर सांध्यांतला प्ले उलट बाजूला बसलेला राहतो, म्हणून तो पुढे चालवतच आणायचा. आणि इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवून मगच क्लॅम्प करायचे, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा दाब एका बाजूला अडकून राहत नाही. अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्सच्या टेक्नॉलॉजी अँड मेंटेनन्स कौन्सिलची आरपी ६४२ ही शिफारसही पुढच्या अ‍ॅक्सलपुरती थांबत नाही, ती संपूर्ण वाहनाच्या अलाइनमेंटबद्दल आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा येतो. टायर एकसारखे झिजत आहेत, गाडी कुठे ओढत नाही, मग स्पोक जरा वाकडा असला तर बिघडले कुठे? आक्षेपात तथ्य आहे. मागे एकच अ‍ॅक्सल असेल आणि तो थोडा तिरका असेल तर वर पाहिल्याप्रमाणे सगळी चाके धावण्याच्या दिशेलाच राहतात, त्यामुळे टायर खास घासत नाहीत. पाच-सहा अंशांनी बॉक्सचेही फारसे बिघडत नाही. पण हीच गोष्ट वाकड्या स्टिअरिंगच्या बाजूने साक्ष देते. टायर गप्प आहेत, टो-इन बरोबर आहे, तेव्हा अ‍ॅक्सल सरकल्याचे सांगणारे स्टिअरिंगशिवाय दुसरे उरतच नाही. आणि सरकलेला अ‍ॅक्सल म्हणजे सहसा तुटलेला सेंटर बोल्ट, ढिला यू बोल्ट, झिजलेला बुश किंवा भेगाळलेला ब्रॅकेट. हे बिघाड आहे तिथे थांबत नाहीत. मागे दोन अ‍ॅक्सल असतील तर टायरही गप्प राहत नाहीत. दोन्हींच्या दिशेत ०.३ अंशाचा फरक असेल तर दर किलोमीटरला त्यांच्या वाटा ५ मीटरने फाकायला पाहतात. चासी त्यांना फाकू देत नाही, मग ते अंतर टायर रबर घासून भरून काढतात. शिवाय त्या ओढाताणीला तोंड देण्यासाठी पुढची चाके सतत किंचित वळलेली राहतात, आणि झीज पुढच्या टायरवर दिसते. बिघाड मागे, झीज पुढे, अशा वेळी पुढचे टो-इन कितीही वेळा काढले तरी गुण येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे: स्टिअरिंग न उपटता, ड्रॅग लिंकनेच सरळ केले तर? बॉक्स मध्यावर राहतो, स्पोक सरळ होतो, मग मागचा अ‍ॅक्सल कशाला सोडवायचा? अनेक ट्रकमध्ये मागच्या पाट्यांना अलाइनमेंटसाठी अ‍ॅडजस्टमेंटच नसते, तिथे हा प्रश्न फारच खरा आहे. याचे प्रामाणिक उत्तर असे की, मोजून पाहिले आणि अ‍ॅक्सल घट्ट आहे, फक्त कंपनीच्या मर्यादेत थोडा तिरका आहे, असे दिसले तर ड्रॅग लिंकने स्टिअरिंग सरळ करणे चुकीचे नाही. चूक न मोजता तसे करण्यात आहे. मोजायला महागडे मशीनच हवे असेही नाही. पुढची चाके सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत टेपने माप घ्यायचे. पाट्यापाशी ५ मिलिमीटर सरकलेला अ‍ॅक्सल हबपाशी, १.८ मीटर रुंदीवर, ९ मिलिमीटरचा फरक दाखवतो, आणि तो साध्या टेपलाही कळतो. सेंटर बोल्टचे डोके आणि यू बोल्टखालचा घासून चकाकणारा पट्टा पाहिला की अ‍ॅक्सल नुकता हलला आहे का, तेही समजते.

तिसरा आक्षेप रस्त्याकडून येतो. रस्ता सपाट नसतो, तेव्हा स्टिअरिंग अगदी सरळ असण्याचा हट्ट का? पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला दोन-अडीच टक्क्यांचा आडवा उतार दिलेला असतो, आणि आपण डावीकडून चालत असल्याने तो बहुधा डाव्या कडेकडे उतरतो. अडीच टक्के म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनमध्ये जवळजवळ ९ सेंटिमीटर. २०१८ मध्ये वाढवलेल्या मर्यादेनुसार दोन अ‍ॅक्सलचा ट्रक मालासह १८.५ टनांचा असू शकतो. त्याला हा उतार सुमारे साडेचारशे किलोच्या जोराने डावीकडे ओढतो, आणि ड्रायव्हरला स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावे लागते. मालानेही फरक पडतो: पाटे दबले की अ‍ॅक्सल एका कमानीत सरकतो आणि ड्रॅग लिंक दुसऱ्या कमानीत. दोन्ही तंतोतंत जुळत नसतील तर चाके न वळताच स्टिअरिंग हलते. हे सगळे खरे आहे. म्हणून तर शक्य तितक्या सपाट पट्ट्यावर, वाऱ्याचा जोर नसताना पाहायचे, आणि त्याच रस्त्यावर परत येतानाही पाहायचे. पूर्ण रस्त्याचा उतार एकाच बाजूला असेल तर स्पोक जाताना एका आणि येताना दुसऱ्या बाजूला कलेल. अशा रस्त्यावर दोन्ही वेळी स्टिअरिंग एकाच बाजूला तेवढेच वाकडे राहिले तर कारण गाडीत आहे. मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरत्या रस्त्यावर मात्र ही परीक्षा चालत नाही, कारण तिथे जाता-येता दोन्ही वेळी उतार डावीकडेच असतो. केव्हा तपासले, रिकामी की भरलेली, हेही नोंदवायला हवे. सेंटर हा अनेक परिस्थितींतून काढलेला मध्यममार्ग असतो. अशा मध्यममार्गाला टेबलावरच्या गणितापेक्षा अशी पद्धतशीर तुलनाच जास्त उपयोगी पडते.

हा विचार आज अधिक गरजेचा झाला आहे त्याला दोन कारणे आहेत. पहिले, पॉवर स्टिअरिंग. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेला अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ मध्ये हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग चालवून दाखवले, ते जड गाडी वळवण्याचे कष्ट पाहूनच. कष्ट गेले, पण त्याबरोबर हाताला जाणवणारी ओढही गेली. पूर्वी गाडी डावीकडे खेचते हे ड्रायव्हरचे खांदे सांगत, आता तो जोर तेलाचा दाब परस्पर पेलतो आणि सांगण्याचे काम एकट्या स्पोकवर येते. दुसरे कारण आपल्या रस्त्यांवरचे बारा-चौदा चाकी ट्रक. त्यांतल्या अनेकांना पुढे दोन वळणारे अ‍ॅक्सल असतात. पहिला बॉक्सशी जोडलेला आणि दुसरा मधल्या लिंकने पहिल्याशी. इथे पहिल्या जोडीचा मध्य साधून भागत नाही. दुसरी जोडी मधल्या लिंकने पहिल्याशी जुळली नाही तर दोन जोड्या एकमेकींविरुद्ध ओढत राहतात, आणि स्टिअरिंग दोन्हींच्या भांडणात तिसरीकडेच कलते. ज्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण आहे तिथे स्टिअरिंगचा कोन सेन्सर वाचतो आणि त्यावरून ड्रायव्हरला गाडी कुठे न्यायची आहे हे ताडतो. अलाइनमेंटनंतर सेन्सरचे शून्य नव्याने द्यावे लागते. स्टिअरिंग शाफ्टवरून उचलून सरळ केलेल्या गाडीत ड्रायव्हरला सरळ दिसणारे आणि सेन्सरला सरळ वाटणारे यांत फरक पडू शकतो, आणि डोळ्यांची फसगत करणाऱ्याने कॉम्प्युटरचीही केली असे होते.

मालकाने आणि ड्रायव्हरने मागणीचे शब्द थोडे बदलले तर गॅरेजचे कामही बदलेल. ‘स्टिअरिंग सरळ करून द्या’ याऐवजी ‘स्टिअरिंग वाकडे का आहे ते सांगा’ असे म्हणायला हवे, आणि बिल देण्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. मागच्या अ‍ॅक्सलचा थ्रस्ट अँगल किंवा दोन्ही बाजूंचे हबचे माप किती आले? ड्रॅग लिंक सोडवून बॉक्सचा मध्य पाहिला का? आणि शेवटची सुधारणा ड्रॅग लिंकवर केली असेल तर तिचा आटा स्लीव्हमध्ये पुरेसा आहे का, क्लॅम्प आवळले का? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर सरळ झालेल्या स्पोकवर विश्वास ठेवायला हरकत नाही. उत्तरे न देता कोणी हातात पुलर घेऊन केबिनमध्ये चढला, तर स्टिअरिंग वाकडे ठेवून गाडी दुसऱ्या गॅरेजात नेलेली बरी. तिथे निदान बिघाड शोधायला खूण शिल्लक राहील.